उसना हात

कागदमामांचा कागदाशी आयुष्यात फारसा संबंध आला नाही. आला तो सही करण्यापुरता. तरी सगळी गल्ली त्यांना कागदमामाच म्हणायची, आणि ते नाव त्यांनी स्वतःच्या हातांनी मिळवलेलं होतं. बाजाराच्या कोपऱ्यावर चिकनचं दुकान होतं, तिथे ते कापायला होते. काचेमागे लाकडी ठोकळा, ठोकळ्यामागे मामा. कोंबडीच्या छातीचा बोनलेस जाडजूड तुकडा ते समोर घ्यायचे, आडवी सुरी घालायचे आणि बघता बघता त्याचे कागदासारखे दोन पातळ, एकसारखे तुकडे करून गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकायचे. मालक म्हणायचा, यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल. मालकाला वाढवून बोलायची खोड होती, पण तुकडे पातळ असायचे हे खरं आणि एकसारखे असायचे हे त्याहून खरं. हॉटेलांचे आचारी बाकीची दुकानं सोडून इथे यायचे, आणि मामा सुट्टीवर आहेत म्हटल्यावर "मग उद्या बघू" म्हणून परत जायचे.

दुकानात कुणी नवीन कामाला लागलं की मामा त्याला पहिल्याच दिवशी बाजूला घेत. मामांना शिकवायला फार आवडायचं. शिकणाऱ्याला ते कितपत आवडायचं ते सांगता येत नाही. "मांस आधी जरा गार कर," ते सुरू व्हायचे. "दगड नको करूस, नुसतं अंग धरू दे. मग फडक्याने कोरडं कर, ओलं असलं की हाताखालून सटकतं. आता उलटं कर. खाली ही सुटी पट्टी दिसते? ती ओढून वेगळी काढ, तिच्यात पांढरी शीर असते. आता गुळगुळीत बाजू वर, जाड कड सुरीकडे. डावा तळवा वर सपाट ठेव. बोटं वर! बोटं वर उचल, घरी न्यायची आहेत ना? सुरी फळीला समांतर धर आणि जाड कडेच्या बरोबर मध्ये घाल. करवतीसारखी घासू नकोस, लांब ओढ घे. पलीकडची कड बोटभर राहिली की थांब, आणि उघड पुस्तकासारखं. असंच हवं तर असंच ठेव, नाहीतर मधल्या घडीवरून सुरी फिरव. झाले एकाचे दोन."

एवढं झालं की मग त्यांचं ठेवणीतलं वाक्य यायचं. "आणि एक लक्षात ठेव. उजवा हात गाढव असतो. नुसतं ओझं ओढतो. सुरी एकदा आत शिरली की डोळ्यांना दिसत नाही. ती कुठे चाललीय ते वरच्या तळव्याला कळतं. डावा सांगेल तसं गाढवाने चालायचं."

हे वाक्य मामांनी किती जणांना ऐकवलं असेल कुणास ठाऊक. पुढे ते स्वतःच विसरले, आणि या गोष्टीतलं सगळं दुःख तिथूनच आलं.

एका सकाळी दुकान उघडून थोडाच वेळ झाला होता. मामांनी तुकडा घेतला, तळवा ठेवला, सुरी घातली, आणि त्यांना वाटलं, तळव्याखाली काहीच नाही. बघितलं तर हात जागेवरच होता, मांसावर पडलेला, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. मालकाला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं तर ओठ एका बाजूला ओघळले. लकवा. पुढे दवाखान्यातून घरी आल्यावर बोलणं हळूहळू परत आलं, पाय ओढत का होईना चालू लागला. डावा हात मात्र गेला तो गेलाच. तो खांद्याला लोंबायचा, आणि त्याला ना गार कळायचं ना गरम.

मालक माणूस चांगला होता. त्याने दुकानाच्या दारात खुर्ची मांडली. "नुसते बसा मामा, तुम्ही दिसलात तरी गिऱ्हाईक आत येतं," तो म्हणाला. मामा काही दिवस बसले. गिऱ्हाईक यायचं, "आता कसं आहे?" विचारायचं, आणि आत जाऊन दुसऱ्याकडून कापून घ्यायचं. बाहेर बसून मामांना फळीवरचा आवाज ऐकू यायचा, आणि सुरी कुठे चुकली ते आवाजावरूनच कळायचं. कापणाऱ्याचं काही सुधारलं नाही. शेवटी एक दिवस त्यांनी आपली सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली, घरी आणली आणि कपाटावर टाकली.

घर म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत ओटा, ओट्यावर खिडकी, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाण्याचे पाइप दिसायचे. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, त्यामुळे घरात दोघंच. मामी लाँड्रीत इस्त्रीला होत्या. दिवसभर कपड्यांवरून तळवा फिरवून फिरवून त्यांच्या हाताला अशी जाण आली होती की कोटाच्या आतल्या अस्तराला सुरकुती पडली असली तरी त्यांना ती वरून कळायची. स्वभावाने अबोल, पण बोलल्या की नेमकं बोलायच्या. मामांसारख्या बोलघेवड्या माणसाबरोबर संसार करायचा तर घरात एकाला तरी गप्प बसता यायला हवं होतं.

घरी बसल्यावर मामांचं डोकं फिरलं. चहा गार म्हणून कुरकुर, गरम म्हणून कुरकुर. ताटाकडे बघून "आयतं खातोय मी" म्हणायचे आणि अर्धं टाकून उठायचे. अंग वाळत चाललं. दुपारी मामी कामावरून येऊन त्यांना जेवायला घालायच्या, ते भिंतीकडे तोंड करून झोपले की "जरा वर सिस्टरकडे जाऊन येते" म्हणून बाहेर पडायच्या. वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची, तिला सगळे सिस्टरच म्हणत. मामी रोज जायला लागल्या तेव्हा मामा एकदा बोलले, "बरोबर आहे, ओंडक्यापाशी कोण बसणार?" मामींनी ऐकलं, चपला घातल्या आणि त्या वर गेल्या.

असा एखादा महिना गेला असेल. मग एका रविवारी मामींनी बाजारातून छातीचा एक तुकडा आणला, ओट्यावर फळी मांडली आणि कपाटावरची सुरी खाली काढली. मामा खाटेवरून बघत होते. मामींनी तुकडा तसाच, ओला, खालच्या पट्टीसकट फळीवर टाकला आणि त्यात उभी सुरी खुपसली.

"अगं अगं अगं! लाकडं फोडतेस का?"

"मग कसं करू? मला कुठे येतं?"

"आधी कोरडं कर! ती पट्टी काढ! आडवी धर, आडवी! बोटं वर!"

मामींनी सुरी आडवी धरली आणि अशी काही चालवली की एकीकडे भोक पडलं आणि दुसरीकडे नुसता गोळा राहिला. मामांच्या अंगाचा तिळपापड झाला. आजारपणानंतर पहिल्यांदाच ते कुणाच्या आधाराशिवाय उठले, पाय ओढत ओट्यापाशी गेले आणि मामींच्या हातातून सुरी हिसकावून घेतली. मग तिथेच थांबले, कारण दुसरा हात कुठे होता?

"माझा घ्या," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी आपला तळवा मांसावर सपाट ठेवला. "उसना देते. काम झालं की परत करा."

"अगं, कापला गेला तर?"

"गेला तर गेला. चिकनबरोबर तव्यावर टाकू."

मामांना हसू आलं. वाकडं झालेलं तोंड हसताना आणखी वाकडं झालं, पण हसले. त्यांनी सुरी समांतर धरली आणि बायकोच्या तळव्याखाली घातली. कपाळाला घाम फुटला होता. "वर," मामी पुटपुटल्या. "जरा खाली. हं. आता सरळ." पलीकडची कड बोटभर उरली तेव्हा मामा थांबले आणि सुरीच्या टोकाने त्यांनी वरचा पदर उलटला. दोन्ही पानं सारखी होती, फक्त मामींच्या पहिल्या खेळाने पडलेलं भोक मध्ये तसंच होतं. मामांनी मधल्या घडीवरून सुरी फिरवली. मीठमिरी लावून मामींनी ते दोन तुकडे थोड्या तेलावर भाजले, आणि त्या दिवशी मामा ताट पुसून जेवले.

मग हे सुरूच झालं. आधी सिस्टर आपला पुडा घेऊन खाली आली. "मामा, मला ड्यूटीच्या डब्यात जाड तुकडे नकोत, आतून कच्चे राहतात." मग तिच्या मागून शिकवणी घेणाऱ्या बाई, बस चालवणाऱ्याची बायको, कोपऱ्यावरचा चष्मेवाला. लोक सकाळी पुडे आणून द्यायचे, संध्याकाळी पातळ तुकडे घेऊन जायचे. मामी लाँड्रीतून आल्या की हात धुवायच्या आणि ओट्यापाशी मामांच्या डाव्या अंगाला उभ्या राहायच्या. सुरी मामांची, तळवा मामींचा. मामा पुन्हा दाढी करायला लागले, पुन्हा गल्लीत मोठ्याने बोलायला लागले, पुन्हा कागदमामा झाले.

सुरी आत असेपर्यंत मामींचं पुटपुटणं चालू असायचं. "वर. जरा खाली. हं. हं." मामांना त्याची गंमत वाटायची. "विमान उतरवतेस का गं?" ते विचारायचे. आलेल्या लोकांना सांगायचे, "हिला भीती वाटते ना, म्हणून बडबडते. मी लक्षच देत नाही. हात काय, कुणाचाही चालतो. उशी ठेवली तरी चालेल. कापायचं कसब इथं आहे," आणि उजवा दंड पुढे करायचे. मामी हसायच्या आणि नळाखाली हात धुवायच्या.

एकदा मामांचं कशावरून तरी बिनसलं होतं. "तोंड बंद ठेवून हात ठेवता येत नाही का तुला?" ते सगळ्यांसमोर ओरडले. मामी गप्प झाल्या. त्या दिवशीचे झाडून सगळे तुकडे बिघडले. कुठे फाटले, कुठे जाड राहिले. मामांनी दुकानाच्या मालकाला फोन लावून शिळा माल विकतोस म्हणून झापलं. दुसऱ्या दिवशी मामी पुन्हा हळूच पुटपुटू लागल्या, मामा काही बोलले नाहीत, आणि माल आपोआप ताजा झाला. एवढं स्पष्ट डोळ्यांसमोर घडूनही मामांना काही दिसलं नाही. माणूस स्वतःच्या कौतुकात असला की असंच होतं.

अशी काही वर्षं गेली. मग मामी गेल्या. गेल्या त्याही कुणाला त्रास न देता. लाँड्रीतून आल्या, पुडे फ्रिजमध्ये ठेवले, "जरा पडते" म्हणाल्या. मामांनी बाहेरून दोनदा चहाची आठवण करून दिली, तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात दिली, आणि मग आत जाऊन बघितलं. आपण शेवटी चहासाठी ओरडलो, हे मामा पुढे येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. येणारा म्हणायचा, तुम्हाला काय माहीत होतं. त्याने काही बरं वाटायचं नाही.

लेक आली ती रजा टाकून आली. शाळेत शिकवायची, घरी नवरा आणि सासू, त्यामुळे तिला फार दिवस राहता येण्यासारखं नव्हतं. घरातली आवराआवर झाल्यावर एके सकाळी ती मामांच्या शर्टाची बटणं लावत होती, तेव्हा तिने विषय काढला.

"बाबा, माझ्याकडे चला. ह्यांच्याशी बोलणं झालंय. मागची खोली तुमची."

"मी कशाला? मला इथे काम आहे."

"कसलं काम, बाबा?"

"लोकांचे पुडे अडलेत. सिस्टर काल विचारत होती."

लेकीने शेवटचं बटण लावलं. "आई होती तोवर ठीक होतं. आता एका हाताने कसं कापणार?"

"एक हात काय कुणीही देईल. सिस्टर देईल. ठेवायचाच तर आहे." मामांचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "हे बघ बाळा. इथे मी कागदमामा आहे. लोक दारात येऊन हाक मारतात. तुझ्याकडे आलो की मी फक्त तुझा लकवा झालेला बाप. तुझ्या घरात सगळे माझ्याशी चांगलंच वागतील, मला माहीत आहे. पण नुसतं चांगलं वागून घ्यायला मला नाही जमत गं."

मग मामांनीच तोडगा काढला. तीन तुकडे आणायचे. लेकीने हात ठेवायचा, मामांनी कापायचं. नीट आले तर मामा इथेच राहणार आणि लेकीने पुन्हा विषय काढायचा नाही. बिघडले तर मामा मुकाट्याने बॅग भरणार. लेक म्हणाली, "बाबा, ही काय पैज लावायची गोष्ट आहे का?" पण बापाचा चेहरा बघून गेली आणि बाजारातून तुकडे घेऊन आली. दोन्ही गोष्टी तिच्या मनात होत्या. बापाला न्यावं असंही, आणि तुकडे नीट यावेत असंही.

तुकडे गार करून झाले, कोरडे करून झाले, पट्ट्या निघाल्या. ते सगळं मामा बसल्या जागेवरून सांगत होते आणि लेक करत होती. किती दिवसांनी त्यांच्या आवाजात दुकान आलं होतं. मग ते उठून ओट्यापाशी गेले. लेक त्यांच्या डाव्या अंगाला, आई उभी राहायची तिथे उभी राहिली आणि तिने उजवा तळवा मांसावर ठेवला. बोटं मात्र आखडलेली होती.

"बोटं वर. घाबरू नकोस. तुझ्या आईने इतकी वर्षं ठेवला, एक ओरखडा नाही कधी."

सुरी बरोबर मध्ये शिरली. पहिली ओढ उत्तम गेली. दुसरीही गेली. खोलीत फक्त नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. तिसऱ्या ओढीला मामांना वाटलं काहीतरी कमी आहे, पण काय ते कळेना. त्यांनी हात पुढे रेटला, आणि लेक "आई गं!" म्हणून मागे सरली. सुरी वरच्या बाजूने बाहेर आली होती. करंगळीखाली बारीक लाल रेघ उमटली.

"हात हलवलास तू!" मामा ओरडले.

"नाही हलवला, बाबा."

तिने हलवला नव्हता. जखम फार नव्हती, पण रक्त थांबेना, तेव्हा लेकीने जिन्यातून हाक मारून सिस्टरला बोलावलं. सिस्टरने येऊन पट्टी बांधली, फळीकडे बघितलं, फाटलेल्या तुकड्याकडे बघितलं, आणि काय चाललंय ते तिला न सांगताच कळलं. "मी ठेवते हात," ती म्हणाली. "मला काही सुरीची भीती नाही, मामा. दिवसभर लोकांना सुया टोचते मी."

ती खरंच बेधडक उभी राहिली. मामांनी नवा तुकडा घेतला, तिने तळवा ठेवला, मामांनी सुरी घातली. सगळं जसं करायचं तसं केलं. पदर उलटला तर एक पान चिंधी, दुसरं पान गादी. मामांनी सुरीच्या टोकाने दोन्ही पानं उचलून बघितली.

"सुरी वर येत होती, ते तुला कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"कळलं होतं ना. तळव्याला सगळं कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

सिस्टर जरा चाचरली. "मामी बोलायच्या तर तुम्ही त्यांच्यावर ओरडायचात. म्हटलं आपण कशाला."

मामांनी सुरी फळीवर ठेवली. उजवा हात गाढव असतो. ते वाक्य त्यांना दुकानातल्या आपल्याच जोरदार आवाजात ऐकू आलं. वर. जरा खाली. हं. इतकी वर्षं मामींचा तळवा सांगत होता आणि गाढव चालत होतं, आणि वर लोकांना आपला दंड दाखवत होतं. ते शेजारच्या स्टुलावर बसले. "सिस्टर," ते म्हणाले, "तिला कसं कळायचं? ती इस्त्रीवाली. तिने कधी कोंबडी कापली नव्हती. पहिल्या दिवसापासून तिला कसं बरोबर कळायचं?"

सिस्टरने लेकीकडे बघितलं. मग हात धुऊन, पुसून, ती मामांच्या समोर जमिनीवर बसली.

"मामींनी मला शपथ घातली होती. पण आता त्याच नाहीत. मामा, तुम्ही आजारी होऊन घरी बसलात ना, तेव्हा त्या दुपारी माझ्याकडे यायच्या. आठवतं?"

"यायची. ओंडक्यापासून सुटका म्हणून."

"शिकायला यायच्या. माझ्या ओट्यावर. येताना स्वतःच तुकडे घेऊन यायच्या. तुम्ही दुकानात सगळ्यांना सांगायचात ते त्यांनी कधीतरी ऐकलं होतं, ते सगळं, गार करा, पट्टी काढा, डावा तळवा. आम्ही महिनाभर चिंध्या झालेलं चिकन खाल्लं, मामा. माझा मुलगा म्हणायचा, मामी आल्या की आज भुगा. पण हटल्या नाहीत. शेवटी शेवटी तर असं कापायला लागल्या की मी म्हटलं, मामींनाच दुकानात ठेवा."

"एकटी कापायची?"

"एकट्या. दोन्ही हातांनी. तुमच्यासारखं."

मामांच्या डोळ्यांसमोर तो रविवार आला. ओला तुकडा, उभी खुपसलेली सुरी, भोक, गोळा. मला कुठे येतं, म्हणाली होती.

"मी विचारलं त्यांना," सिस्टर म्हणाली, "आता तर सगळं आलं, आता काय राहिलं? तर म्हणाल्या, आता येत नसल्यासारखं कसं करायचं, तेवढं शिकायचं राहिलंय."

लेक तोंडावर हात धरून खिडकीकडे वळली. मामांना आधी राग आला, आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना. मग फार लाज वाटली. मग लाजही गेली आणि नुसतं वाईट वाटलं. आपल्याला पुन्हा माणसात आणण्यासाठी ती बाई शिकली, शिकलेलं लपवलं, रोज दमून आल्यावर सुरीखाली हात घातला, आणि सगळ्यांसमोर बोलणी खाऊन नळाखाली हात धुवायला गेली. आणि आपण उशी ठेवली तरी चालेल म्हणालो. हे आता सांगायचं कुणाला? जिला सांगायचं तीच नव्हती.

सिस्टर ड्यूटीला निघून गेली. मग मामा म्हणाले, "बॅग भर."

"बाबा, पैज राहू दे. मी आणखी थोडी रजा..."

"पैजेचं नाही गं. इथे राहून मी काय कापणार? कापणारी गेली."

लेकीने डोळे पुसले आणि ओटा आवरायला घेतला. फाटलेले तुकडे तिने भांड्यात भरले. एक तुकडा अजून तसाच होता. "याचं काय करू? सिस्टरला देऊ?"

मामांनी त्याच्याकडे बघितलं. "देऊ नकोस. तू काप."

"मी? मला कुठे येतं?"

हे शब्द ऐकून मामांनी तिच्याकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "तुला खरंच येत नाही. म्हणून सांगतो. गुळगुळीत बाजू वर. जाड कड सुरीकडे. आता डावा तळवा सपाट ठेव, बोटं वर. आणि एक लक्षात ठेव. उजवा हात गाढव असतो..." पुढचं वाक्य राहूनच गेलं. त्यांनी हातानेच खूण केली, घाल, सुरी घाल.

लेकीने सुरी घातली. पट्टी बांधलेल्या हाताने ती सावकाश लांब ओढ घेत होती. तिची नजर कुठेच नव्हती, सगळं लक्ष डाव्या तळव्यात होतं. थोडं आत गेल्यावर तिचे ओठ हलायला लागले.

"काय म्हणालीस?" मामांनी विचारलं.

"काही नाही. आपलं असंच. सुरी वर चाललीय वाटतं, खाली घेते."

"मोठ्याने बोल."

"अं?"

"जरा मोठ्याने बोल, बाळा. मी काही ओरडणार नाही."

लेकीने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "वर," ती म्हणाली. "जरा खाली. हं. हं. आता सरळ."

मामा स्टुलावर डोळे मिटून बसले होते. मांडीवर ठेवलेला त्यांचा रिकामा उजवा हात ती सांगेल तसा हलत होता, वर, जरा खाली, सरळ.